वडील हयात असताना गोटा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी तपासणीला असतो. हायड्रॉलिकचे पार्ट येतात, त्यांचे व्यास मोजायचे, मापात बसले तर पुढं, नाहीतर परत. चार वर्षांपूर्वी रात्रपाळीला सरफेस प्लेटवर माझाच एक केस पडलेला दिसला. हातात डिजिटल मायक्रोमीटर होता. तो केस मी मधे धरला आणि रॅचेट तीनदा वाजेपर्यंत फिरवलं. 0.041 मिलिमीटर. मग कानामागचा एक केस उपटून मोजला. 0.078. खात्री करायला टाळूचे आणखी चार घेतले, मागचे चार घेतले. आकडे थोडे हलले, पण टाळूवरचा केस मागच्या केसाच्या जवळपास निम्माच भरत होता.

ज्याचं पोट मापावर चालतं त्याला आकडा समोर आल्यावर स्वतःची समजूत घालता येत नाही. त्याआधी दोन वर्षं मी ती घालत आलो होतो. बोअरचं पाणी जड आहे म्हणून गळतात. हेल्मेटमुळं गळतात. रात्रपाळीमुळं गळतात. पाण्याचा बहाणा तर आमच्या वडगावात प्रत्येक घरात चालतो. हिडकल धरणाचं पाणी आलं की बरं वाटतं, बोअरचं वापरलं की केस जातात, असं आम्ही सगळेच म्हणतो. पण पाण्यानं जायचे तर मागचे आणि कानावरचेही जायला हवे होते. ते जागच्या जागी होते, दाट, जाड. हे मला आधीही दिसत होतं. मोजल्यावर मान्य करावं लागलं.

आईनं तिच्या परीनं सगळं केलं. जास्वंदीची फुलं आणि माका खोबरेल तेलात उकळून ती दर शनिवारी रात्री मला पुढ्यात बसवायची. मध्यंतरी कांद्याचा रसही झाला. त्या वासानं बायको उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. आईच्या तेलाबद्दल माझी काही तक्रार नाही. अर्धा तास तिची बोटं डोक्यातून फिरायची, त्यानं झोप चांगली लागायची. पण जिथं बिघाड होता तिथपर्यंत ते तेल पोचणारं नव्हतं.

शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडं गेलो. बाईंनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घेतला. ताप, मोठं आजारपण, ऑपरेशन काही झालं होतं का, हेही विचारलं. अशा धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्याचे केस एकदम गळतात आणि बहुतेकांचे परत येतात, ते वेगळं. माझं तसं काही नव्हतं. मग त्यांनी भिंगाचं छोटं यंत्र टाळूला लावून मला पडद्यावर दाखवलं. जाड केसांच्या शेजारी बारीक, त्याच्या शेजारी आणखी बारीक, लव असावी तसा. मी मायक्रोमीटरची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. "बरोबर मोजलंत," म्हणाल्या.

त्यांनी जे समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीर डीएचटी नावाचं एक संप्रेरक बनवतं. काही माणसांच्या कपाळाकडच्या आणि टाळूच्या केसमुळांना ते सोसत नाही. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, गळतो, मग त्याच मुळातून दुसरा येतो. अशा प्रत्येक फेरीला ते मूळ थोडं लहान होतं आणि नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. म्हणजे केस नुसते गळत नसतात, मूळच आक्रसत असतं. मागच्या आणि कानावरच्या मुळांवर त्या संप्रेरकाचा तसा परिणाम होत नाही. रोज पन्नास ते शंभर केस तर धडधाकट माणसाचेही जातात, त्यामुळं कंगव्यातले केस मोजून काही हाती लागत नाही. टक्कल कुठवर आलंय ते दाखवणारा नॉरवूडचा सात पायऱ्यांचा तक्ता त्यांच्याकडं होता. मी चौथ्या पायरीवर होतो.

"मामावर गेलायस" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या मामांना टक्कल आहे आणि अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, केस अडुसष्टाव्या वर्षीही भरपूर आहेत. हा वारसा दोन्हीकडून येतो, डॉक्टर म्हणाल्या, नुसत्या आईकडून नाही. हे मी घरी आल्यावर आईला मुद्दाम सांगितलं, कारण ती आपल्या माहेराकडं बोट दाखवल्यासारखं मनाला लावून घ्यायची.

औषधं दोन. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल आणि पोटात घ्यायची फिनास्टेराइड. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, त्यावरून ती डोक्यावर लावायची कल्पना निघाली आणि 1988 साली अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी तिला मंजुरी मिळाली. फिनास्टेराइड आधी प्रोस्टेटसाठी होती, केसांसाठी 1 मिलिग्रॅमची गोळी 1997 मध्ये मंजूर झाली. गोळीचे लैंगिक दुष्परिणाम थोड्या पुरुषांना होतात, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आमचा दुसऱ्या मुलाचा विचार चालला होता. गोळी घेतली असती तर रोज सकाळी मी तेच मनात घेऊन उठलो असतो, म्हणून मी घेतली नाही. आमच्या शॉपमधला एकजण चार वर्षं घेतोय, त्याला चांगला गुण आहे. तो त्याचा निर्णय, हा माझा.

मिनॉक्सिडिल मात्र दीड वर्ष लावलं. पाच टक्क्यांचं, सकाळी 1 मिली, रात्री 1 मिली, 60 मिलीची बाटली महिन्यात संपायची. पहिल्या दीड महिन्यात केस जास्तच गळले. तसं होईल हे सांगितलेलं असूनही मी दोनदा घाबरून दवाखान्यात फोन केला. सहाव्या महिन्यात कपाळाच्या कडेला बारीक केस दिसायला लागले. गळती थांबल्यासारखी झाली. पण हे लावणं जन्माचं असतं, थांबलं की कमावलेलं काही महिन्यांत जातं. आणि माझ्या पाळ्या बदलत्या. रात्रपाळीहून येऊन अंघोळ, मग डोकं कोरडं करून औषध, ते वाळेपर्यंत उशीला टेकायचं नाही. हळूहळू दिवसाआड झालं, मग आठवड्यातून तीनदा. पुढच्या श्रावणापर्यंत टाळू पुन्हा होती तिथं आली, कदाचित थोडी पुढंच गेली.

केसारोपणाची चौकशीही एका शहरात केली. टाळूकडं अर्धा मिनिट बघून त्यांनी इतके ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावायचे केस, लागतील आणि आज अर्धी रक्कम भरली तर सवलत, असं सांगितलं. मागचे केस पुढं लावले तरी मधले जुने केस पातळ होतच राहणार, त्यासाठी औषध चालू ठेवावंच लागणार, हे मी स्वतः विचारल्यावर त्यांनी कबूल केलं. मी उठून आलो.

आणि मग ते लग्न.

मेहुण्याचं लग्न निपाणीजवळ होतं, वैशाखात. केसांसारखी दिसणारी केराटिनची काळी पूड मिळते, ती टाळूवर शिंपडायची, वरून एक फवारा मारायचा. लांबून खरंच कळत नाही. मी ती सहा महिने वापरत होतो, शॉपमध्ये नाही, पण बाहेर जाताना. मंगलाष्टका झाल्या, जेवणं झाली आणि चार वाजता वळीव आला. मांडवातून बसपर्यंत पन्नास पावलं असतील. बसमध्ये बसल्यावर लेकीनं माझ्या मानेला हात लावला आणि तिचे हात काळे झाले. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवरून दोन काळे ओघळ पाठीपर्यंत गेले होते. ती सहा वर्षांची होती. "बाबा, तुझं काळं येतंय. थांब, मी पुसतो," म्हणाली. आमच्याकडं मुलीही पुसतो, जातो असंच म्हणतात. तिनं आपल्या छोट्या रुमालानं माझी मान पुसायला घेतली आणि मागच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली. कुणी काही म्हणालं नाही. निपाणीपासून बेळगावपर्यंतचा तो सव्वा-दीड तास मला अजून आठवतो. ती रुमाल उलटा करून, सुलटा करून पुसत होती आणि मी तिला थांब म्हणू शकलो नाही.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो, सगळे काढून टाकतो.

ती लगेच नाही म्हणाली नाही. "अहो, मला चालेल," म्हणाली, "पण अप्पांना काय सांगणार?"

इथं थोडं थांबून लिहितो, कारण माझ्या लेखी हाच सगळ्यात अवघड भाग होता. आमच्यात वडील गेल्यावर मुलानं क्षौर करायचं असतं. डोकं, दाढी, मिशी सगळं जातं, मागं शेंडी तेवढी राहते. त्यामुळं तुळतुळीत डोक्याचा मराठी माणूस गल्लीतून चालला की बघणाऱ्याची नजर आधी खाली जाते, मग तो हळू आवाजात विचारतो, घरात कोण गेलं? दुसरा प्रश्न तिरुपतीचा. बालाजीला जाऊन आलास काय? आणि तरणा पोरगा असेल तर मराठा रेजिमेंटचा रिक्रूट समजतात, कॅम्पात तशी पोरं रोज दिसतात. मी पस्तिशीचा, रिक्रूट दिसण्यातला नव्हतो. तिरुपतीला गेलो नव्हतो. राहिला पहिला प्रश्न.

मी सात वर्षांचा असताना आजोबा वारले. अप्पा दहाव्याहून घरी आले तेव्हा डोक्यावर टॉवेल होता. दारात आल्यावर त्यांनी तो काढला आणि मी त्यांना ओळखलं नाही. मिशी नसलेले, केस नसलेले अप्पा मी तोवर पाहिलेच नव्हते. मी आत पळालो आणि आईच्या पदराआड उभा राहिलो. माझ्यासाठी गोट्याचा अर्थ तो होता, त्या दारातला. आईसाठीही असणारच, नाहीतर मी विषय काढल्यावर ती इतकी कावरीबावरी झाली नसती. "ते बसलेत की रे अजून समोर," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांडी घासत होती, घासलेलीच.

तरीही जूनमध्ये मी सलूनला गेलो. मंगळवार सोडून, शनिवार सोडून, अमावास्या टाळून. आमचे सलूनवाले मामा कानडी, माझं जावळ सोडलं तर पुढचा प्रत्येक केस त्यांनीच कापलेला. मराठी आमच्याइतकीच बोलतात, घाईत आले की कानडी येतं. मी खुर्चीत बसून म्हणालो, मामा, पूर्ण काढा, वस्तरा मारा.

त्यांचा हात खाली आला. "एनातप्पा?" म्हणाले. "घरात काय झालं?"

मी म्हणालो, काही नाही, सगळे बरे आहेत, केस विरळ झालेत म्हणून.

"अप्पांनी सांगितलं काय?"

नाही, म्हणालो.

"मग ब्याड." म्हणजे नको. त्यांनी फडका माझ्या गळ्यातून सोडवला, पुन्हा झटकला, पुन्हा बांधला. "मशीन मारतो. वस्तरा अप्पांना विचारून ये. मी त्यांचीही दाढी करतो. उद्या ते खुर्चीत बसले तर मी कुठं बघू?"

तेव्हा मला थोडा राग आला होता. माझं डोकं, मी पस्तीस वर्षांचा, आणि परवानगी आणायची. आता वाटतं, त्या माणसानं माझे दोन महिने घेतले ते बरं केलं.

कारण त्या दिवशी त्यांनी तीन नंबर मारला, म्हणजे 10 मिलिमीटरच्या आसपास. मागं आणि बाजूला दोन नंबर, 6 मिलिमीटर. मी आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा कळलं की माझं डोकं वाईट दिसत होतं ते केस कमी म्हणून नाही, तर वर विरळ आणि बाजूला दाट, या फरकामुळं. बाजू जितक्या आखूड तितका तो फरक कमी. पुढच्या महिन्यात सगळीकडं दोन नंबर. श्रावणाच्या आधी एक नंबर, 3 मिलिमीटर. प्रत्येक वेळी मी दोन-तीन आठवडे त्या डोक्यानं जगून बघितलं. शॉपमध्ये गेलो, लेकीच्या शाळेत गेलो, गणपत गल्लीत बाजाराला गेलो, घरच्या कार्यक्रमाचे फोटो काढू दिले. गोटा करायचा की नाही या विचारात असलेल्या कुणीही मला विचारलं तर मी हेच सांगतो. एकदम वस्तऱ्यावर जाऊ नका. नंबर उतरवत जा. एखाद्याला दोन नंबरवरच बरं वाटेल आणि तो तिथंच थांबेल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळं चुकलं तरी फार दिवस भोगावं लागत नाही.

या दिवसांत ज्यानं त्यानं मला सांगितलं की गोटा कर, म्हणजे दाट येतील. जावळ काढल्यावर पोरांचे येतात की. हे मला मनातून धुऊन काढावं लागलं, कारण त्या आशेनं डोकं काढलं असतं तर दोन महिन्यांनी पुन्हा तोंड लपवलं असतं. वस्तरा कातडीच्या वर चालतो, मूळ कातडीच्या आत असतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं म्हणून बोटाला राठ लागतं, एवढंच. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून हे तपासलं होतं. जाडी वाढली नव्हती, वेगही नाही. बाळाचे केस पुढं दाट होतात ते वयानं. मला ते मोजणं वाचून बरं वाटलं. कुणीतरी माझ्याआधी केस मोजले होते.

श्रावणात वस्तरा नको, गणपतीत नको, पितृपक्षात तर मुळीच नको. दसरा, दिवाळी गेली. मी अप्पांशी बोललो नव्हतो.

अप्पांचं आयुष्य मागावर गेलं. आता घराशेजारच्या शेडमध्ये दोनच पॉवरलूम राहिलेत, त्यातला एक ते स्वतः चालवतात. माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळं आमच्याकडं नीट बोलायचं तर माग थांबवावा लागतो, आणि अप्पांनी माग थांबवला की घरात सगळ्यांना कळतं की काहीतरी आहे. मी रविवारी सकाळी शेडच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी दोनदा वर पाहिलं. मी हललो नाही. त्यांनी हात लावून माग थांबवला.

मी सांगितलं. केसांचं, लग्नातल्या पावसाचं, मामांनी परत पाठवल्याचं. बसमधलं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ते ऐकताना त्यांनी ताण्यातला एक तुटलेला धागा शोधला आणि जोडला. गाठ मारली, बोटानं दाबून बघितली.

"आई काय म्हणते?"

नको म्हणते, म्हणालो.

मग ते माझ्या डोक्याकडं बराच वेळ बघत राहिले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"माझ्यासाठी काढशील तवा मी बघायला असणार हाय काय?" म्हणाले. "आत्ताच बघतो की." आणि मी काही बोलायच्या आत, "बुधवारी जाऊया. मी पण येतो. दाढी झाली न्हाई माझी."

माग पुन्हा सुरू झाला.

अप्पांनी दाढी रविवारीच केली होती, शेडमध्ये येण्याआधी. गालावर ब्लेडची खूण ताजी होती.

बुधवारी सकाळी आम्ही दोघं चालत गेलो. सलूनच्या आत एक लाकडी बाक आहे आणि एक बाहेर, रस्त्याला लागून, कट्ट्यावर. अप्पा नेहमी आत बसतात, पंख्याखाली. त्या दिवशी ते बाहेरच्या बाकावर बसले. मी म्हणालो, अप्पा, आत या, थंडी आहे. ते म्हणाले, असूदे, इथं उजेड हाय. मामांकडून 'तरुण भारत' मागून घेतला आणि पान उघडून बसले. चष्मा घरी राहिला होता.

मला तो बाहेरचा बाक तेव्हा कळला नाही. मामांना कळला. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि पडदा एका बाजूला सरकवून खिळ्याला अडकवला.

माझ्यासमोर पाकीट फोडून त्यांनी वस्तऱ्यात नवी ब्लेड घातली. हे प्रत्येकानं बघून घ्यावं, जुन्या ब्लेडनं कावीळ बी आणि सी, एचआयव्ही असे रक्तातून जाणारे आजार पसरू शकतात. आधी मशीननं शून्यावर आणलं. मग कोमट पाणी टाळूवर चोळलं, फेस लावला आणि मागून पुढं, केस ज्या दिशेनं झुकतात त्या दिशेनं, वस्तरा ओढायला लागले. कातडी डाव्या अंगठ्यानं ताणायची, मग एक ओढ, मग वस्तरा फडक्याला पुसायचा. आवाज येतो, कागदावरून नख फिरवल्यासारखा. मानेच्या वर, उजव्या बाजूला, ते थांबले. "हे काय?" तिथं एक पांढरा वण होता, अर्ध्या बोटाएवढा. मला माहीतच नव्हता.

"राजहंसगडावर पडला होता," अप्पा बाहेरून म्हणाले. पेपर खाली केला नव्हता. "पाच वर्षांचा आसताना. दगड लागला. येळ्ळूरपर्यंत मी उचलून आणला."

अर्धा तास लागला असेल. तेवढ्यात रस्त्यानं निदान दहा-बारा ओळखीची माणसं गेली. बुधवारची सकाळ, बाजाराला, कामाला, शाळेला. एकजण सायकल हळू करून आत बघत थबकला. माझं अर्धं डोकं झालेलं. त्याचा चेहरा बदलला. मग त्याची नजर बाकावर गेली. "काय अप्पा, बरं हाय न्हवं?" अप्पा म्हणाले, बरं हाय, ये चहाला. तो गेला. मागून दूधवाला आला, त्याचंही तसंच. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मला कळलं की अप्पा बाहेर का बसलेत. माझ्या डोक्यावर वस्तरा चालला होता म्हणून मला मान हलवता येत नव्हती. आरशात मला फक्त त्यांचे गुडघे आणि पेपरची खालची कड दिसत होती.

शेवटी मामांनी तुरटी फिरवली. मग माझ्या दाढीकडं बघून म्हणाले, "हे काढू नको. मिशी-दाढी हाय म्हटल्यावर माणसाला लांबनंच कळतं, सुतक न्हाई म्हणून." ही गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. वर्षभर मी दाढी राखलीय, कातरून, आणि घरात कोण गेलं हा प्रश्न मला तीनच वेळा आलाय, तोही बाहेरगावी.

पुढचं थोडक्यात सांगतो. कपाळ उन्हात रापलेलं आणि टाळू पांढरी, हा फरक जायला पाच-सहा आठवडे लागले. दर तिसऱ्या दिवशी मी स्वतः वस्तरा मारतो, अंघोळीनंतर, कातडी मऊ असताना. उलटा मारला तर जास्त गुळगुळीत होतं, पण मानेवर पुटकुळ्या येतात आणि केस आतल्या आत वळतात, म्हणून सुलटाच. बेळगावची डिसेंबरमधली पहाट डोक्याला लागते, कानटोपी लागतेच. मार्चपासून उन्हाचं मलम, एसपीएफ 30 चं, टाळूला आणि कानांच्या वरच्या कडेला, किंवा सरळ टोपी. पहिल्या उन्हाळ्यात एकदा विसरलो, दोन दिवस हेल्मेट घालवेना. घाम आता सरळ डोळ्यात येतो, शॉपमध्ये कपाळाला पट्टी बांधतो. शॉपमध्ये आठवडाभर बोलणं झालं, मग थांबलं. लग्नाला, बारशाला जातो. पाऊस आला तर चालत येतो.

आईचं सांगायचं राहिलं. मी घरी आलो तेव्हा ती दारात नव्हती. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि बोलताना माझ्या गळ्याच्या खाली कुठंतरी बघायची. शनिवारी रात्री मी जेवून पाटावर बसलो होतो. ती नेहमीसारखी वाटीत तेल कोमट करून घेऊन आली. सवयीनं आली असावी, कारण माझ्यामागं आल्यावर ती थांबली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिचा तळवा टाळूवर टेकला. आधी नुसता टेकला, मग फिरला. बोटं त्या वणापाशी गेली आणि तिथंच राहिली.

"राजहंसगड," ती म्हणाली.

वाटीतलं निम्म्याहून जास्त तेल उरलं. ते तिनं परत बाटलीत ओतलं.